बाईंच्या टेबलाशेजारची जागा

३ मार्च

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरंच वाकलो तर उठवायला दुकानातलं गिऱ्हाईक लागेल.

तुझं शेवटचं पत्र ऑक्टोबरातलं. त्यानंतर मी तीन टाकली, तुझं एक नाही. भाचीबाईचं दोन ओळींचं कार्ड आलं, 'आई बरी आहे, कामात आहे.' निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेल्या बाईला एवढं कसलं काम निघालं? फोन करावा तर माझे कान असे, पलीकडून नुसती खरखर ऐकू येते. म्हणून हे चौथं.

आता मुद्द्याचं. आपली शाळा यंदा शंभर वर्षांची होते आहे. मुख्याध्यापिका गेल्या आठवड्यात दुकानात डोळे तपासायला आल्या होत्या. बोलता बोलता मी त्याच शाळेतला निघालो, मग चष्मा राहिला बाजूला. जुन्या विद्यार्थ्यांकडून त्या एकेक पान मागताहेत. विषय, 'मला लिहायला कसं शिकवलं'. अट एकच, पान स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं. ती सगळी पानं खालच्या वर्गाच्या भिंतीवर लावणार आहेत.

मी म्हटलं, "माझं अक्षर पाहून तुमचे पाहुणे आल्यापावली परत जातील. माझ्या ताईचं पान घ्या. तिनं चौतीस वर्षं विद्यापीठात बसून पदवीच्या कागदांवर नावं लिहिली आहेत. लोकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावलंय तिचं अक्षर."

ताई, परवापासून मला तो वर्गच दिसतोय. एकाच खोलीत भिंतीकडे पहिली आणि खिडकीकडे दुसरी. मधे आपल्या बाई, रेघबाई. फूटपट्टी न लावता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायच्या, आणि आपण श्वास रोखून बघायचो, आता वाकडी होईल, मग वाकडी होईल. कधी झाली नाही. मग एकेक अक्षर काढायचं आणि तोंडानं चालूच, "खाली या, वळा, थांबा, उचला." चाळीस पोरं एकदम वळायची, एकदम थांबायची. मी मात्र थांबलो की टाकातून शाई टपकायची. वहीत अक्षरं कमी आणि ठिपके जास्त. ठिपक्या हे नाव तूच ठेवलंस, आणि ते वर्गभर केलंस.

आणि तू. बाईंनी तुला आपल्या टेबलाशेजारी, स्वतःच्या खुर्चीला खुर्ची लावून बसवलं होतं. पुरं वर्षभर. तुझ्या डाव्या मनगटाला तांबडी फीत बांधलेली असायची, चांगल्या अक्षराचं बक्षीस म्हणून. मला किती हेवा वाटायचा सांगू? घरी येऊन मी सुतळी बांधून बघितली होती.

तेव्हा तू पान लिहीच. मे अखेरपर्यंत मुदत आहे.

तुझा,
ठिपक्या


१९ मार्च

ठिपक्या,

पत्र मिळालं. मी बरी आहे. काळजी नको.

थंडीत हात आखडला होता. म्हणून लिहिलं नाही. आता ठीक.

शाळेचं पान मी लिहिणार नाही. तू लिही. बाईंच्या तुझ्या आठवणी चांगल्या आहेत. त्या तशाच राहू देत.

वेळेवर जेवत जा.

ताई


२५ मार्च

ताई,

पत्र मिळालं. आता सांग, लिहिलं कोणी?

रागावू नकोस, पण मी चाळीस वर्षं लोकांना अक्षरं वाचायला लावून पोट भरलेला माणूस आहे. काचेचे नंबर काढताना जे भिंग लावतो, ते लावून तुझं पत्र पाहिलं. शेजारी तुझी जुनी पत्रं ठेवली. तुझं अक्षर पुढे झुकतं, घाईनं चालणाऱ्या माणसासारखं. हे मागे रेलतंय. तुझी ओळ कोऱ्या कागदावरसुद्धा सरळ जाते. ही ओळ उताराला लागली आहे आणि शेवटचा शब्द कागदाबाहेर पडता पडता वाचलाय. पहिलीतल्या पोरानं लिहावं तसं अक्षर आहे.

भाचीला म्हणावं, मामाला फसवायचं तर जरा आईचा कित्ता गिरवून ये.

गंमत सोडून देतो. मला वाईट वाटलं. पाच महिने वाट पाहिली ती ताईच्या पत्राची, ताईच्या नावानं कुणी लिहून दिलेल्या नऊ ओळींची नाही. माझं काही चुकलं असेल तर तसं लिही. शिव्या घाल, पण स्वतःच्या हातानं घाल. आणि पान लिहायचा कंटाळा असेल तर सरळ कंटाळा म्हण. 'तशाच राहू देत' म्हणजे काय? बाईंनी सगळ्या शाळेत तुझ्याएवढं कुणाला जवळ केलं नव्हतं, आणि त्यांच्यासाठी एक पान तुझ्याकडून होत नाही?

मी माझं लिहून ठेवलंय. त्यात तुझी ती फीतही आहे.

ठिपक्या


२ मे

ठिपक्या,

तुझं पत्र लेकीनं वाचून दाखवलं. ती रडायला लागली. मला हसू आलं, मग मलाही रडू आलं. बिचारीनं माझ्या मार्चच्या पत्राला हातही लावला नव्हता. ते मीच लिहिलं होतं. हेही मीच लिहितेय. डाव्या हातानं.

आता नीट सांगते, मधे उठून कुठे जाऊ नकोस.

नोव्हेंबरात, नऊ तारखेला, सकाळी ओट्याशी चहा गाळत होते. गाळणं हातातून पडलं. उचलायला वाकले तर हात माझं ऐकेना. लेकीला हाक मारली, तर तोंडातून तिचं नाव न येता नुसता आवाज आला. तिनं वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून एवढ्यावर निभावलं. तीन आठवडे तिथे होते. जिभेवरचं ओझं जानेवारीनंतर उतरायला लागलं. पाय ओढत चालते. उजवा हात मांडीवर असतो, आलेल्या पाहुण्यासारखा. बस म्हटलं की बसतो, उठत नाही.

तुला कळवायचं नाही अशी शपथ मीच लेकीला घातली होती. तिच्यावर चिडू नकोस. तू धावत आला असतास. मला बोलता येत नव्हतं, तुला ऐकू येत नाही. समोरासमोर बसून दोघांनी काय केलं असतं?

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येते. तिनं फेब्रुवारीत माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, "आजी, हा हात नवीन आहे, त्याला वेळ द्या." मी म्हटलं, "नवीन नाही गं. हाच जुना आहे." तिला कळलं नाही. तुलाही कळणार नाही, कारण तू फीत म्हणतोस ते बक्षीस नव्हतं.

आता हे मी कधी सांगणार नव्हते. पण तू लिहिलंस, हे अक्षर दुसऱ्याचं आहे. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा ते बाई म्हणाल्या होत्या.

मी दुसरीत होते. शाळेत उजव्या हातानं लिहायची, कारण डावा पुढे केला की बाबा घरी ओरडायचे. उजव्यानं कोंबडीचे पाय उमटायचे. पण दुपारी सगळे झोपले की मी कपाटाआड बसून डाव्या हातानं लिहायची. तू माझ्याजवळ असायचास, पोटावर पडून बघत. एकदा कित्त्याचं पान मी तसंच पुरं केलं आणि शाळेत नेलं. का नेलं? चांगलं आलं होतं म्हणून. कुणीतरी बघावं असं वाटलं म्हणून.

बाईंनी वही वर धरली आणि विचारलं, "हे कोणाकडून लिहून आणलंस?"

त्यांनी तीनदा विचारलं. वर्ग हसायला लागला. तेवढ्यात भिंतीकडच्या रांगेतून तू उभा राहिलास आणि म्हणालास, "बाई, ताईनंच लिहिलंय. मी बघितलंय. ती डाव्या हातानं लिहिते ना, तेव्हा छान येतं."

बाईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी माझी जागा बदलली. फीत माझ्याच वेणीची होती. रोज सकाळी त्या वेणीतून ती सोडायच्या, एक टोक मनगटाला आणि दुसरं खुर्चीच्या मागच्या दांडीला बांधायच्या. तू समोर बसायचास, तुला मागची दांडी कशी दिसणार?

फीत घट्ट नसायची, हेही सांगायला हवं. ओढली असती तर सुटली असती. मी कधी ओढली नाही.

फेब्रुवारीत मी कागदावर पहिली रेघ काढली, तेव्हा वाटलं होतं सत्तर वर्षांच्या बाईचं थरथरतं अक्षर येईल. आलं ते सात वर्षांच्या मुलीचं. जिथे ठेवलं होतं तिथेच होतं ते.

ताई


८ मे

ताई,

पत्र दुकानात उघडलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्या नाकावर तपासायची चौकट तशीच. त्याला म्हटलं, उद्या या. तो चौकट घेऊनच निघाला होता.

तब्येतीचं आधी. तू जे केलंस त्याबद्दल मी समोर आल्यावर बोलेन. सहा महिने मी तुला रागाची पत्रं पाठवत होतो आणि तू ती अंथरुणावर पडून ऐकत होतीस. 'कसलं काम निघालं' असं विचारणारा मी. पुढे लिहवत नाही.

वर्गातलं. शपथेवर सांगतो, फीत बांधलेली मला आठवते, दांडी आठवत नाही. उभा राहिलो ते मात्र लख्ख आठवतं. ताई, ते मी जन्मभर अभिमानानं आठवलंय. माझ्या बायकोला सांगितलंय, मुलांना सांगितलंय, की सगळा वर्ग माझ्या ताईला हसत होता आणि मी एकटा उभा राहून बोललो, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला टेबलाशेजारी बसवलं. मला वाटायचं, माझ्यामुळे तुला ती जागा मिळाली. खरंच माझ्यामुळे मिळाली.

घरी आल्यावर तू दुपारी कपाटाआड बसेनाशी झालीस. मी विचारलं होतं, "आता लिहीत नाहीस?" तू म्हणालीस, "शाळेत लिहिते की." मला त्यात काही खटकलं नाही. त्या वयात कुणाला खटकतं म्हणा. पण पुढे सत्तरीपर्यंत कधीच खटकू नये?

शाळेसाठी लिहिलेलं पान मी काल काढून वाचलं. 'खाली या, वळा, थांबा, उचला' इथवर आलो आणि पान पालथं ठेवलं. ते फाडणार आहे. नवीन लिहिणार, बाईंनी काय केलं ते. मुख्याध्यापिकांनी लावलं तर लावलं भिंतीवर, नाही तर मी स्वतः दारात उभा राहून वाचून दाखवेन.

मी येऊ का? नाही म्हणू नकोस.

ठिपक्या


२० मे

ठिपक्या,

पान फाडलं असशील तर पुन्हा लिही. होतं तसंच.

तू सहा वर्षांचा होतास. खोटं बोलला नाहीस. चाळीस पोरांत माझ्या बाजूनं उभा राहणारा तू एकटा होतास. त्यातून काय निघालं, ते तू ठरवलं नव्हतंस. मी तेव्हा तुझ्यावर चिडले नव्हते असं नाही. महिनाभर तुझ्याशी अबोला धरला होता. तुला पत्ताच लागला नाही, कारण बोलायचं काम तसंही तू एकटाच करायचास. पुढे तुला गोवर आला, आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलास. तिथे तो विषय संपला.

बाईंचं एक तुला सांगायचं राहिलंय.

मी नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी होती, कागदपत्रं द्यायची-घ्यायची. दुपारी एक म्हातारी बाई आपल्या भाच्याचा पदवीचा कागद न्यायला आली. मी कागद पुढे केला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, नाव वाचलं, मग वाचतच राहिली. शेवटी म्हणाली, "हे कोण लिहितं?"

मी म्हटलं, "मी."

तिनं मान वर केली तेव्हा मी ओळखलं. बाईच. केस सगळे पांढरे, पण मान तशीच ताठ. त्यांनीही मला ओळखलं. मग त्यांनी विचारलं, "दुसरा हात कसा आहे?"

मी म्हटलं, "बरा आहे, बाई."

त्या म्हणाल्या, "आम्हाला शिकवायला लावलं ते असंच. वर्षातून एकदा साहेब शाळा तपासायला यायचे, डावखुरं पोर दिसलं की शेरा मारायचे. मला एवढंच येत होतं." कागदाची कड सरळ करत म्हणाल्या, "घट्ट नव्हती ना गं?"

मी नव्हती म्हटलं. त्यांनी कागद घडी न करता, दोन्ही हातांवर धरून नेला. मागे लोक उभे होते, मला पुढचं नाव घ्यावं लागलं.

त्या दिवशी मी घरी आले आणि वर्षानुवर्षांनी पहिल्यांदा डाव्या हातात पेन धरून पाहिलं. मग ठेवून दिलं. स्वयंपाक व्हायचा होता.

राग गेला का विचारशील, तर मला नीट सांगता यायचं नाही. या उजव्या हातानं मला चौतीस वर्षं मानानं बसवलं. अनोळखी लोकांनी माझं अक्षर हळूच बोटानं शिवून पाहिलेलं मी बघितलंय. ते अक्षर बाईंचंच होतं. आणि ज्या खुर्चीवर ते आलं, ती खुर्चीही बाईंचीच. मी दोन्हींत फट पाडायला जात नाही.

तेव्हा तुझं पान तू जसं पाहिलंस तसं लिही. माझं मी डाव्या हातानं लिहिलंय, फितीसकट, सोबत आहे. मुख्याध्यापिका म्हणतील, टाइप करून लावू, वाचायला सोपं जाईल. करू द्यायचं नाही. भिंतीवर असंच लागलं पाहिजे, रेललेलं, उताराला लागलेलं.

कार्यक्रम उरकला की ये. बोलणं जमायला लागलंय, जरा सावकाश होतं. तुझ्या कानाशी बसून बोलेन.

ताई


१२ जून

ताई,

काल झालं सगळं. आजच बसलोय लिहायला.

खोली तीच आहे. फळा बदललाय, बाक बदलले, खिडकी तेवढी तिथेच. एकूण त्रेसष्ट पानं आली होती. काहींनी अक्षर इतकं कोरून काढलं होतं, जणू बाई पाठीशी उभ्या आहेत. माझंही लावलं होतं, तीन ठिपक्यांसकट. त्याच्या शेजारी तुझं.

मुख्याध्यापिका म्हणाल्याच, "एखादी टाइप केलेली प्रत खाली लावू या का? मागच्यांना अक्षर लागणार नाही." मी म्हटलं, "लागत नसेल तर पुढे येऊ द्या त्यांना." त्यांनी स्वतः पुढे होऊन वाचलं. नव्या चष्म्यातून, सावकाश. वाचून झाल्यावर वळल्या. भिंतीकडच्या रांगेतला एक बाक त्यांनी भिंतीपासून हातभर अलीकडे ओढला. मग म्हणाल्या, "इथे एक मुलगी बसते. डावखुरी आहे. कोपर शेजारणीला लागतं म्हणून मीच तिला भिंतीला चिकटवून बसवलं होतं. तिचं कोपर रोज भिंतीला घासत असेल. मला सुचलंच नाही."

लोक येत होते, वाचून पुढे जात होते. एक गृहस्थ मात्र तुझ्या पानाशी अडकले. आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. वाचून झाल्यावर ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं चक्कर आली, मी पाणी घेऊन गेलो. त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "माझा डावा हात बाकाला बांधायचे. दोरी असायची." मी शेजारी बसलो. पाणी संपवून त्यांनी विचारलं, "हे पान लिहिणाऱ्या बाई आता कशा आहेत?" मी म्हटलं, "लिहिताहेत." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आत जाऊन वाचायला लागले.

घरी आल्यावर मला एक करून बघावंसं वाटलं. आता पेन या हातातून त्या हातात घेतो.

ताई

हे डाव्या हातानं. उजवा तुझ्यासारखा मांडीवर. कागद सरकतो. तो कशानं धरायचा? तू कशानं धरतेस?

बोटं दुखायला लागली. या चार ओळींना पाऊण तास झाला.

तुझं दोन मेचं पत्र अकरा पानांचं होतं.

रविवारच्या गाडीनं येतो. मार्चचं ते अक्षर तुझंच होतं, मी ओळखायला हवं होतं.